भुलीची सही

धाकट्याला यातून काय मिळणार, याचा हिशोब भावोजींनी चहा निवायच्या आत मांडून टाकला. लॉन्ड्री सासऱ्यांनी मागे ठेवलेली, ताई आणि धाकटा अशा दोघा भावंडांच्या नावावर. ती एकट्यानं चालवून दमलेल्या धाकट्याला आता ती विकायची होती, गिऱ्हाईकही तयार होतं. अडलं होतं ते ताईच्या सहीवर. आणि आता हाच पठ्ठ्या म्हणतोय, ताईला भूल द्यायची!

"बेशुद्ध नाही करत हो भावोजी," धाकटा म्हणाला. "केटामाईन म्हणतात. ऑपरेशनच्या भुलीला वापरतात तेच, पण अगदी थोडं, सलाईनमधून. चार डॉक्टर झाले, गोळ्या किती बदलल्या देव जाणे. गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यात कधीकधी याचा गुण येतो, असं नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"कधीकधी?"

"निदान खोटं तरी बोलल्या नाहीत."

ताई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. सहा वर्षं झाली. एके काळी कापड नुसतं हुंगून शाई, गंज, वंगण ओळखणारी ही बाई. आता तिच्याच गाऊनच्या गळ्यावर औषधाचा ओघळ वाळला होता. तिला विचारलं तर म्हणाली, "करा काय ते. पण करा."

भावोजी पहारेकरी म्हणून दवाखान्यात गेले. जिन्यातच त्यांनी धाकट्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

आरामखुर्ची, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, उशाशी उलटीसाठी भांडं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज दिवसभर गाडी चालवायची नाही, मोठे निर्णय नाहीत, कुठल्याही कागदावर सही नाही."

"ऐकलंस?" भावोजींनी मेव्हण्याकडे बघितलं.

"ऐकलं की. विकायचंय, नाही कुठे म्हणतो? पण सही ताईची हवी. तिच्या आजाराची नको."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "एवढ्या आजारात माणूस समोर येईल त्यावर सही करतो. घेतली नाहीये ना कुणी?"

भावोजी एकदम सलाईनकडे वळले. "थेंब नीट पडतायत ना हो?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. भावोजींच्या मनात त्या क्षणी पौर्णिमाच झाली.

पहिल्या दिवशी ताईला आपण तरंगत छताला चिकटलोय असं वाटलं, आणि ती भांडंभर ओकली. आठवड्यातून दोनदा जायचं होतं. तिसऱ्या खेपेला भावोजी म्हणाले, "पुरे आता, गुण नाही." धाकटा रिक्षा घेऊन दारात उभाच राहिला. चौथ्या खेपेनंतरच्या सकाळी ताईनं नवऱ्याची बाही धरली.

"हा शिलाई मशीनच्या तेलाचा डाग. असेच हिंडताय?"

भावोजी हसले. मनापासून हसले, ते नाकारून चालणार नाही. मग ताई म्हणाली, "गेल्या वर्षी तुम्ही मला उठवून बसवलंत, माझा हात धरून सही घेतलीत. कशावर?"

"तुझ्याच भल्यासाठी..."

"कागद आणा."

ते बक्षीसपत्र होतं. ताईचा अख्खा हिस्सा नवऱ्याच्या नावे. जागेचा भाव चढेपर्यंत भावोजींनी ते लपवून ठेवलं होतं. भुलीची भीती त्यांनी उगाच नव्हती घेतली. आपल्यावरून जग ओळखलं होतं.

"हिस्सा परत लिहून द्या," ताई म्हणाली. "पूर्ण शुद्धीत."

त्यांनी दिला. धाकटा खुशीत आला. "मग ताई, आता विकूया?"

"नाही. सोमवारपासून मी बसते गल्ल्यावर."

आता कुणी काय किंमत मोजली ते बघा. धाकट्याचं गिऱ्हाईक गेलं, वर वाफेच्या इस्त्रीपुढे आणखी काही वर्षं उभं राहणं आलं. भावोजींचा हिस्सा गेला, आणि घरात त्यांचं बोलणं आता दोनदा तपासलं जातं. ताईला औषध कायमचं पुरत नाही, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा त्या खुर्चीत जावं लागतं. पण खरी मोठी रक्कम तिनं त्या सकाळीच भरली. सहा वर्षं तिला काहीच वाटत नव्हतं. आता नवऱ्याशेजारी जेवायला बसलं की सगळं वाटतं.