तौनोने न मारलेला गोल

माझा धाकटा भाऊ तौनो नऊ मोसम आमच्या कोइवुरांताच्या संघातून आइस हॉकी खेळला. बचावपटू म्हणून, आणि तोही पगारी. चारशे सहा सामने, दोनदा मोडलेला जबडा, पुढचे तीन दात गायब. आणि गोल? एकही नाही.

हे मी कुणाला सांगायची गरजच नसे, लोकच मला ऐकवत. रिंकमधलं कॉफीचं दुकान माझं आहे. पहिल्या विश्रांतीत सगळं गाव माझ्यापुढे रांगेत उभं असतं. कागद गिरणीतून निवृत्त झालेला एन्सियो दर सामन्याला विचारायचा, "हिल्का, तुझ्या भावाला गोल कुठे असतो ते तरी ठाऊक आहे का गं?"

"ठाऊक नसायला काय झालं? त्याच्यापुढेच तर तो रोज उभा असतो," मी म्हणायचे आणि त्याच्या सॉसेजवर मोहरीची चटणी जरा कमीच घालायचे.

बचावपटूचं काम घरकामासारखं. केलं तर दिसत नाही, राहिलं की सगळ्यांना दिसतं. हे मला पक्कं कळत होतं. पण खोटं कशाला बोलू, मला त्याचा एक गोल हवा होता. एकच. या सगळ्यांची तोंडं बंद व्हायला.

गुडघ्याने दगा दिला तेव्हा तौनोने जाहीर केलं की हा मोसम शेवटचा. आणि त्या मोसमात आम्ही तळाला. वरच्या लीगमध्ये टिकायचं तर खालच्या लीगच्या विजेत्याला, लेहतोवाराच्या संघाला, सातपैकी चार सामन्यांत हरवायचं होतं. तीन-तीन झाले. सातवा सामना शनिवारी दुपारी, आमच्याच रिंकवर.

सकाळी तो दुकानात आला आणि उभ्या उभ्या कॉफी प्यायला. मी म्हटलं, "आज एक तरी मार रे. शेवटची संधी आहे."

"बघू, ताई."

"तू नऊ वर्षं बघतोच आहेस."

तो हसला, तीन दातांच्या त्या खिंडारासकट, आणि स्केट उचलून गेला.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन-एकने पुढे होतो. लेहतोवाराने आपला गोलरक्षक बाहेर काढला आणि सहावा हल्लेखोर आत घातला. त्यांचं जाळं मोकळं, पण आमचा जीव कंठाशी. बर्फावर कुणी पाऊण मिनिटापेक्षा जास्त टिकत नाही, आणि आमचे पाचजण दीड मिनिट आमच्याच गोलापुढे कोंडलेले. पाय लटपटत होते, तोंडं उघडी. मी कॉफीचं भांडं तसंच उकळत सोडलं आणि काचेपाशी धावले.

तेवढ्यात चकती, म्हणजे बर्फावरचा आमचा चेंडू, तौनोच्या स्टिकला लागली.

तो आमच्या अर्ध्यातच होता. समोर सगळा बर्फ मोकळा आणि टोकाला रिकामं जाळं. चार हजार माणसं उभी राहिली. "मार! मार!" त्यात मीही. नियम मला तोंडपाठ आहेत. आपल्या अर्ध्यातून मारलेली चकती जाळं चुकून पार टोकाला गेली, तर खेळ पुन्हा आपल्याच गोलापुढे सुरू होतो आणि दमलेल्या खेळाडूंना बदलता येत नाही. सगळं माहीत असूनही मी घसा फोडून ओरडत होते.

तौनोने मान वर केली. त्या जाळ्याकडे त्याने पाहिलं, मी त्याला पाहताना पाहिलं. मग त्याने चकती कठड्याला लावून हलकेच पुढे सोडली. मधली रेषा ओलांडून ती थोडी पुढे जाऊन थांबली. ती आणायला लेहतोवाराला मागे फिरावं लागलं. तेवढ्यात आमचे चौघे बाकावर कोसळले आणि नवे चौघे आत आले. तौनो मात्र लांब होता, तो तसाच राहिला.

"गाढव आहे, गाढव!" माझ्या शेजारी एन्सियो किंचाळला. क्षणभर मलाही तसंच वाटलं.

अकरा सेकंद उरले असताना लेहतोवाराचा कप्तान सांतेरी, पिकल्या दाढीचा जुना खेळाडू, समोरून मोकळा सुटला. त्याने सगळा जोर लावून मारलं. तौनो आडवा पडला आणि चकती त्याच्या पावलावर आदळली. तो आवाज काचेपलीकडे मला ऐकू आला. आमच्या ताज्या पोरांनी ती बाहेर भिरकावली आणि भोंगा वाजला.

मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत एकमेकांशी हात मिळवतात. तौनो लंगडत होता. सांतेरीने त्याचा हात धरला तो सोडेचना. मी बर्फावर उघडणाऱ्या दारापाशीच होते.

"मारशील असं वाटलं होतं रे," सांतेरी म्हणाला.

"मलाही," तौनो म्हणाला.

"तुमच्या त्या चौघांच्यात जीव उरला नव्हता. तू चुकला असतास तर पुढच्याच झटापटीत मी बरोबरी केली असती. मी देवाला हात जोडत होतो, मार म्हणून."

मग सांतेरी मागे वळला आणि त्याने आपली स्टिक बर्फावर आपटली. एकदा, दोनदा. त्याच्या मागे त्याचे सगळे गडी आपटू लागले. आमच्या खेळात ही टाळी. आणि ती वाजवत होते हरलेले, डोळे पुसणारे, वर यायची वर्षाची मेहनत नुकतीच बुडालेले लोक, एकही गोल न मारणाऱ्या माणसासाठी. एन्सियोने टोपी काढली. मी तर हमसून रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. हा माझा भाऊ, असं मी शेजारच्या अनोळखी बाईला दोनदा सांगितलं.

तासाभराने तो सुजलेल्या पावलावर बर्फाची पिशवी बांधून दुकानात बसला. मला राहवेना. "तौनो, मीपण ओरडले होते. मार म्हणून."

"ऐकलं की. चार हजारांत तुझाच आवाज मोठा होता."

"मग?"

"मग काय? तुझं ऐकायची सवय असती, ताई, तर मी बचावपटू झालो असतो का?"

मी त्याला एक वाजवायला हात उचलला, आणि त्याच हाताने त्याचं डोकं छातीशी धरलं.