फळीवरची आई

पाथर्डीच्या निवासी शाळेत जागा मिळाली, तर निकिताला यंदा आईबापामागं श्रीगोंद्याच्या उसाच्या फडात जावं लागणार नव्हतं. नाही मिळाली, तर पुन्हा फडावरची पाचटाची कोपी आणि पुन्हा बुडालेली शाळा. तरी मुलाखतीला ती ताठ मानेनं आली होती. गेल्या हंगामात फडावर शिकवायला येणाऱ्या सत्यशीलाबाईंनी तिच्याकडून इंग्रजी उपमा चांगल्या घोटून घेतल्या होत्या.

"बर्फासारखं पांढरं म्हणतेस, बर्फ बघितलायस का?" बाई विचारायच्या.

"रसवंतीवर. पण त्यो काचंवानी दिसतो, बाई."

"मग पांढरं काय असतं, ते तूच शोध."

शोधायची ही सवय निकिताला तेव्हापासून लागली.

आप्पासाहेब सर मुलाखत घेत होते. मागच्या बाकावर तिची आई रतनबाई पदर सावरून बसली होती. सरांनी वाक्य अर्धं सोडलं, "ॲज स्टेडी ॲज..."

आधीची सगळी पोरं 'अ रॉक' म्हणाली होती. निकितानं ते दाराबाहेरून ऐकलं होतं, आणि तिलाही तेच पाठ होतं. पण दगड म्हटल्यावर तिला बैलगाडीच्या चाकाखाली लावलेला दगड आठवला.

"ॲज स्टेडी ॲज माय मदर ऑन द प्लँक," ती म्हणाली.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुस्तकात रॉक आहे, बाळ."

"व्हय सर, येतंय मला. पण दगूड चाकाखालनं सरकतो."

"आणि ही फळी कसली?"

"ट्रकला लावत्यात ती. डोक्यावर उसाची मोळी घेऊन आई तिच्यावरनं वर चढती. फळी लवती, आई न्हाई लवत."

"अगं, इचारलंय तेवढंच सांग की," रतनबाई मागून कुजबुजली. "माझं काय काढतीस?"

"बोलू द्या तिला, ताई." सर पुढं सरकले. "बरं, ॲज बिझी ॲज?"

"अ बी."

"आता पुस्तकातलंच?"

"मधमाशीचं बरुबर हाय, सर. ते बदलायची गरज न्हाई."

सर मनापासून हसले आणि त्यांनी कागदावर सही केली. "जागा दिली हिला. कधी आणून सोडता?"

रतनबाईनं बाकाखालून कापडी पिशवी ओढली. वर निकिताचे धुतलेले फ्रॉक घडी घालून ठेवले होते. निकिताला याचा पत्ताच नव्हता.

"आजच ऱ्हाऊ द्या की," रतनबाई म्हणाली. "मी तयारीनंच आलीया."