खोडलेल्या शब्दांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, जाड पुठ्ठ्याची, चहाचे दोन डाग मिरवणारी. चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक माझ्या पोटात मराठीत नांदतं.

ते उतरवलं शाहूपुरीतल्या शिवपुत्र सरांनी. मूळ नाटककार एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द वापरायचा, ज्याच्या त्याच्या तोंडी शोभतील असे. सर त्यावर फिदा होते. त्यांचा राजा ‘प्रस्थान करतो’, प्रधान ‘निघतो’ आणि पहारेकरी ‘कलटी मारतो’. असे शब्द जमवायला ते गूळ बाजारात तासन्‌तास बसायचे. व्यापाऱ्यांना वाटायचं, मास्तर भाव बघायला येतात. सहा वर्षं माझे फार लाड झाले.

मग स्पर्धेसाठी मी विजयसिंह नावाच्या दिग्दर्शकाच्या हाती पडले. त्याला सगळ्याचीच घाई. एका गोष्टीला एक शब्द पुरे, म्हणत त्याने लाल पेनने माझी कत्तल केली. राजापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे ‘जातो’ म्हणू लागले. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, हेसुद्धा गडी विसरला. वर नाटक पडलं तर वही रद्दीत, असंही बजावलं. मला रडू आलं, पण वहीने रडायचं म्हणजे शाई पसरायची.

स्पर्धेच्या दिवशी कपड्यांचा नि भाल्यांचा टेम्पो वाटेत जयसिंगपुरातच बंद पडला. तिघे नट एकसारख्या पांढऱ्या सदऱ्यांत उभे राहिले. दहा मिनिटं झाली तरी कुणाला काही कळेना. पुढच्या रांगेतल्या अंबूबाईंनी शेजाऱ्याला विचारलं, “पावणं, ह्यातला राजा कंचा म्हनायचा?”

सगळं थिएटर हसलं. मला रद्दीवाल्याचा तराजू दिसू लागला. विंगेतून संवाद पुरवणारी अनुजा मात्र हुशार. तिने माझ्यावर टॉर्च धरला, लाल रेघांखालचं वाचलं आणि तेच शब्द पुरवू लागली.

राजा म्हणाला, “आम्ही प्रस्थान करतो.” प्रधान म्हणाला, “मीही निघतो, महाराज.” पहारेकऱ्याने भाला नसलेला हात उंचावला. “मग म्या बी मारतो की कलटी.”

“हां, आत्ता घावला राजा,” अंबूबाई म्हणाल्या. तिथून नाटक जे रंगलं, ते दुसरं बक्षीस घेऊनच थांबलं.

विजयसिंह पेढे घेऊन सरांकडे गेला. मला त्यांच्या पायाशी ठेवून म्हणाला, “चुकलो सर. माफी असावी. पदरात घ्या.”

सरांनी पेढा उचलला. “एकच शब्द पुरे होता की.”

तर मित्रांनो, खोडायचं तर खुशाल खोडा. फक्त खालचं वाचता येईल, एवढंच खोडा.