रोपांची साक्ष

रविवारची उपासना सुरू व्हायला थोडाच वेळ होता. देजॉन शहरातल्या आमच्या चर्चच्या पायऱ्यांवर मी ताक सरांना अडवलं.

"सर, आज साक्ष देऊ नका. रोपं मेली. औषध दिलेली, सगळीच्या सगळी."

ताक सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक, आणि याच चर्चच्या मंडळीचे एक ज्येष्ठ पदाधिकारी. खाऱ्या पाण्यात भाताची रोपं जगवणारं औषध आम्ही शोधलं होतं. पहिल्या खेपेला औषध दिलेली रोपं तरारून आली, बिनऔषधाची करपली, आणि सरांनी लगेच व्यासपीठावरून साक्ष देऊन टाकली, देवानं प्रार्थना ऐकली म्हणून! अहो, प्रयोग पुन्हा करून तर बघायचा! पण धीर कुणाला? आज पाहुण्या पाळकांसमोर, म्हणजे धर्मगुरूंसमोर, तीच साक्ष पुन्हा व्हायची होती. माझा अख्खा प्रबंध त्याच रोपांवर उभा होता.

"मेली कशी? तुझंच काही चुकलं असेल, सनहा."

"या खेपेला मी रोपांच्या खोलीला कुलूप घातलं होतं. कुणालाच आत सोडलं नाही."

सर दाराकडे बघायला लागले.

"मागच्या खेपेला पहाटेच्या प्रार्थनेनंतर तुम्ही रोज तिकडे जायचात ना?"

"जायचो. ट्रेवर हात ठेवून प्रार्थना करायचो. त्यात काय गुन्हा केला?"

"फक्त प्रार्थना?"

त्यांनी उगाच टाय चाचपला. "माना टाकायची गं बिचारी. थोडं साधं पाणी घालायचो. घोटभर."

"सगळ्याच रोपांना?"

"ज्यांच्यासाठी प्रार्थना करायचो, त्यांनाच. औषधवाल्यांना."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मीठ धुऊन काढलंत तुम्ही! आणि वर देवाचं नाव लावलंत?"

आत गायन सुरू झालं. सर हळूच म्हणाले, "मी खरं बोललो तर तुझी पदवी लांबली. गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे?"

खोटं कशाला सांगू, 'गप्पच बसा' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. आत दुसऱ्या रांगेत आई बसलेली. पदवीदानाला घालायचा हानबोक, आमचा पारंपरिक कोरियन पोशाख, तोही तिनं शिवून घेतला होता. मी ते शब्द गिळले. सर आत गेले आणि थेट व्यासपीठावर चढले. मी मागच्या बाकावर टेकले.

आमच्याकडे साक्षीच्या वाक्यावाक्याला मंडळी आमेन म्हणते.

"मागे मी म्हणालो, रोपं देवानं जगवली."

"आमेन!"

सरांनी घाम पुसला. आता हे खाली उतरणार, असंच मला वाटलं.

"ती देवानं नाही, मी जगवली. साधं पाणी घालून."

"आमेन!" सवयीनं गजर झाला, आणि मग सगळं चर्च चिडीचूप. पाळक खाली बघायला लागले.

"माझ्या लुडबुडीची देवाला गरज नव्हती, प्रयोगालाही नव्हती. माझा दोघांवरही विश्वास कमी पडला. मला क्षमा करा."

या वेळी कुणी आमेन म्हणेना. आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पदवी लांबलीच होती. मला रडू आवरेना, पण तशीच उठून उभी राहिले आणि एकटीच ओरडले, "आमेन!"