झाडावरचं फूल

परभणीत फुलं चोरणाऱ्याला चोर म्हणत नाहीत, भाविक म्हणतात. ही मंडळी दिवस उजाडायच्या आत फिरायला निघतात. पायात बूट, कानाला मफलर, एका हातात कॅरीबॅग आणि दुसऱ्या हातात लोखंडी आकडी. आकडी कशाला म्हणाल, तर कुत्री अंगावर येतात म्हणून. कंपाउंडच्या आतली फांदी त्या आकडीनं अलगद बाहेर येते, टपोऱ्या कळ्या पिशवीत पडतात आणि फांदी परत आपल्या जागी. घरी नेऊन कळ्या पाण्यात टाकल्या की पूजेच्या वेळेपर्यंत उमलतात. व्यायामही होतो आणि देवही खूश.

माणिकरावांच्या फाटकाशी विमलाबाईंनी जास्वंद लावली होती. गावरान, लाल, पाच पाकळ्यांची. माणिकराव शाळेत हेडक्लार्क. सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांत गेली, तिथं कुंडी ठेवायलाही घरमालकाची परवानगी लागायची. निवृत्तीनंतर घर झालं, तेव्हा बाईंनी आधी फाटकाजवळची माती खणली आणि मग स्वयंपाकघराकडे वळल्या. झाड असं काही वाढलं की विचारू नका. पण त्यावरचं उमललेलं फूल काही बाईंना दिसेना. सकाळी दार उघडावं तर झाड बोडकं.

शेवटच्या वर्षी विमलाबाईंच्या हृदयानं काम करायचं मनावर घेणं सोडलं. बाज खिडकीशी सरकवली. संध्याकाळी पडल्या पडल्या त्या कळ्यांकडे बघत आणि म्हणत, "उद्या चार तरी उमलतेत बघा." सकाळी खिडकीतून नुसती पानं.

"अवं, एक तरी फूल दिस मावळेस्तोर झाडावर राहू द्या म्हना की त्येंना. मला बघायचंय."

"जाऊ दे ना. देवालाच जातेत. पुण्य तुलाच लागतंय."

"पुण्य घेऊन काय करू मी? मला फूल बघायचंय."

माणिकरावांनी पाटी लावली, 'फुले तोडू नयेत'. दुसऱ्या दिवशी पाटी जागेवर होती, कळ्या नव्हत्या. मग एकदा ते पहाटेच उठून फाटकाशी उभे राहिले आणि एक जण सापडला. चांगला ओळखीचा निघाला. तो जराही ओशाळला नाही. "काका, देवालाच तर न्यायलोय. विकायलोय का बाजारात?" माणिकराव म्हणजे जन्मात कधी कोणावर आवाज न चढवलेला माणूस. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "न्या, न्या." आत बाजेवर विमलाबाई जाग्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्यानंतर फुलाचं नाव काढलं नाही. फाल्गुनात त्या गेल्या.

अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडून माणिकराव परत आले, तेव्हा फाटकाशी थबकले. झाड लालभडक झालं होतं. खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत फुलंच फुलं, आणि दुपार टळून गेली होती. आधी त्यांना कळेना. मग कळलं. घराला सुतक होतं. सुतकातल्या घरचं फूल देवाला चालत नाही, म्हणून आकडीवाले रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जात होते. बाई जिवंत असताना पाटी लावून सांगितलेलं ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनी ती मेल्यावर न सांगता पाळलं. तेरावं होईपर्यंत झाड रोज फुलत होतं, रोज संध्याकाळी फुलं आपापली मिटून खाली पडत होती. माणिकराव खुर्ची टाकून बघत बसत. भेटायला आलेल्यांना वाटे, दुःखानं यांचं लक्ष उडालंय. गोडजेवण झालं, सुतक फिटलं, आणि दुसऱ्या सकाळी झाड पुन्हा बोडकं.

त्या दिवशी माणिकरावांनी चहाही घेतला नाही. रिक्षा केली आणि वसमत रोडवरच्या मुंजाजीच्या नर्सरीत जाऊन उभे राहिले.

"जास्वंद दाखवा," ते म्हणाले. "पण कोणी तोडणार नाही अशी."

मुंजाजी बोलका माणूस. गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं जाऊ देणं त्याच्या कुंडलीत नव्हतं. त्यानं रोपांच्या रांगांतून माणिकरावांना फिरवायला सुरुवात केली. "ही बघा, हायब्रीड. बशीएवढं फूल येतंय, दोन दोन दिस टिकतंय." फूल पिवळं होतं, मधोमध लाल डाग. माणिकरावांनी मान हलवली. असलं दिसल्यावर तर लोक शिडी घेऊन येतील.

"मंग ही गुलाबी डबल. देवाला लोक लालच नेतेत, हिला कोनी हात लावत न्हाई."

पाकळ्यांत पाकळ्या कोंबलेलं फूल होतं. अशाच फुलाला विमलाबाई एकदा म्हणाल्या होत्या, "फूल हाय का नवरदेवाचा फेटा?" माणिकरावांना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. ते पुढे सरकले. पुढे झुंबर जास्वंद होती, कातरलेल्या पाकळ्यांची, उलटी लोंबणारी. ती कदाचित फाटकाशी टिकलीही असती, पण ती विमलाबाईंची नव्हती.

"मंग ही घ्या, मिरची जास्वंद. लाल हाय, बारमाही हाय, आन कोनीबी तोडत न्हाई. कारण उमलतच न्हाई. हे असं मिटूनच राहतंय."

माणिकराव त्या मिटलेल्या फुलांसमोर बराच वेळ उभे राहिले. न उमललेल्या कळ्या बघण्यातच बायकोचं शेवटचं वर्ष गेलं होतं. तिच्या नावानं पुन्हा तेच लावायचं? त्यांनी हात मागे घेतला.

"गावरानच पाहिजे," ते म्हणाले. "लाल, एकेरी. पण फूल झाडावर राहिलं पाहिजे."

आता मुंजाजीचा धीर सुटला. ऊन तापलेलं, सकाळपासून दुसरं गिऱ्हाईक नाही, आणि हे काका गावरान लाल जास्वंद मागायलेत आणि वर म्हणतायत कोणी तोडता कामा नये! "काका, गावरान लाल आन कोनी तोडनार न्हाई? मंग मसनात लावा की!"

बोलला आणि त्यानं जीभ चावली. काकांच्या डोक्यावर मुंडनानंतरचे खुंट दिसत होते. "चुकलं काका. तोंडातून गेलं. रागावू नका."

पण माणिकराव रागावले नव्हते. ते मुंजाजीकडे असं बघत होते, जणू त्यानं हरवलेली किल्ली काढून हातात ठेवली. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "द्या एक रोप."

स्मशानभूमीच्या राखणदारानं आधी कपाळाला हात लावला. "जास्वंद? गणपतीचं फूल हितं?" मग म्हणाला, "लावा, पन पाणी तुमीच घाला." कंपाउंडच्या भिंतीलगत, सरणाच्या ओट्यापासून जरा लांब, माणिकरावांनी रोप लावलं. परभणीचा उन्हाळा काय असतो ते परभणीकरालाच विचारा. ते रोज पाण्याचा कॅन घेऊन जात, परत आल्यावर बाहेरच्या नळावर अंघोळ करत आणि मगच घरात येत. सून राजेश्री विचारी, "मामा, रोज रोज तिकडं कशाला जाताव?" ते रिकामा कॅन कोपऱ्यात उपडा ठेवत. बोलण्यासारखं होतं, पण ऐकणारी गेली होती.

श्रावणात पहिलं फूल आलं. श्रावण म्हणजे भाविकांचा हंगाम, गल्लीत एक कळी रात्र काढत नाही. माणिकराव झुंजूमुंजू होताच पोचले तेव्हा बुटक्या भिंतीच्या वर एक आकडी दिसली. तिनं फांदीचा अंदाज घेतला. मग आकडीच्या मालकाला आपण कुठल्या भिंतीशी उभे आहोत ते उमगलं असावं. आकडी झटकन खाली गेली. माणिकरावांनी फाटकातून डोकावलं, तर तो माणूस लांबूनच हात जोडून तरातरा निघाला होता. माणिकराव कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसले.

मग ते झाडाजवळ बसून राहिले. दुपारी ऊन आलं, ढग आले, फूल तसंच. लांब तुरा वाऱ्यानं हलत होता. दिवस कलला तशा पाकळ्या हळूहळू आत वळायला लागल्या. "बघ, राहिलं ना मावळेस्तोर," माणिकराव म्हणाले. म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच भरून आलं. फूल राहिलं होतं, पण ते कोणाला दाखवायचं? विमला गोदावरीत गेली होती. निदान तिच्या फोटोला वाहावं म्हणून त्यांनी देठाला हात लावला आणि परत घेतला. इथलं फूल घरात न्यायचं नसतं. आकडीवाल्याला जो नियम, तोच त्यांनाही होता.

घरी येऊन अंघोळ करून ते आत गेले. भिंतीवरच्या फोटोला गावरान लाल जास्वंदीचं फूल होतं, मिटत आलेलं.

"आपल्या झाडाचं?" त्यांनी विचारलं.

"आपलं कुठलं, मामा? आपलं पहाटंच लोकं नेतेत," राजेश्री म्हणाली. "समोरच्या सरजाबाईच्या झाडाचं. आत्याबाईला जास्वंदीचं लय वेड हुतं ना. लवकर उठून आणलं. उद्या बी आणते."

"सरजाबाईला विचारलंस का?"

"त्यात काय इचारायचं? आत्याबाईलाच तर वाहायलोय."

माणिकरावांनी तोंड उघडलं. सून मनापासून बोलत होती, सासूच्या आठवणीनं बोलत होती. त्यांच्या तोंडून शब्द निघाला तो एवढाच, "बरं."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. समोर म्हाताऱ्या सरजाबाई काठी टेकत फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. एक एक फांदी जवळ ओढून त्या बोटांनी कळ्या चाचपत होत्या. खिडकीत कोणी उभं आहे असं वाटून त्यांनी मान वर केली.

"माणिकराव हाव का? उद्या चार तरी उमलतेत बघा."

"हो," माणिकराव म्हणाले. "उमलतेत की."