मास्तरांचं वजन

मास्तरीणबाईंनी टेलरमास्तरांच्या काखांखाली हात घातले, गुडघे वाकवले आणि त्यांना पलंगावरून उचलून अलगद खुर्चीत बसवलं. दारात उभी राहून बघणारी लेक थक्क झाली. मागच्या खेपेला हेच करताना दोघंही धाडकन खाली आपटले होते, आणि आईला जमत नसेल तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं, असं तिने रडत रडतच ठरवून टाकलं होतं. आज तिने आईचा दंड तेवढा चाचपून पाहिला.

"बघ बघ," मास्तर म्हणाले. "पहिलवान झालीय तुझी आई."

या पहिलवानकीचं असं झालं. पडल्यानंतर बाई तडक कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत गेल्या आणि दंड फुगवणाऱ्या पोरांमध्ये उभं राहून माशाच्या तेलाच्या गोळ्या मागू लागल्या. त्यातल्या ओमेगा थ्रीने स्नायू बळकट होतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. तिथल्या ट्रेनरने डोकं खाजवलं. गोळ्या फार तर हातभार लावतील, ताकद कमवायची तर वजनच उचलावं लागेल, असं त्याने सरळ सांगितलं आणि पाठ न दुखवता कसं वाकायचं तेही शिकवलं. बाईंनी दोन्ही मनावर घेतलं. सकाळी भरलेली बादली छातीशी धरून उठाबशा, जेवणानंतर गोळी. त्या गोळीचे ढेकर असे यायचे, की मास्तर नाकाला रुमाल लावून विचारायचे, मासळीबाजार आज लवकर भरला वाटतं. बाईंना मात्र त्या ढेकरांचंही कौतुक. मास्तर दिवसेंदिवस हलके लागत होते. गुण येतोय, एवढं त्यांना पुरे होतं.

लेक निर्धास्त होऊन गेली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. गुणगुणतच त्या इस्त्री घेऊन बसल्या आणि मास्तरांचा सदरा त्यांनी उलटा केला.

तिथंच त्यांचा हात थांबला. दोन्ही कडांना जुन्या शिलाईच्या आत नवी शिलाई होती. टेलरमास्तरांचे पाय गेले होते, हात शाबूत होते. इतकी बारीक, सरळ हातशिलाई दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नव्हतं. त्यांच्या शेजारी बसून काजं करण्यात बाईंचा जन्म गेला होता. त्यांनी दुसरा सदरा उलटा केला, मग तिसरा. सगळे आत घेतलेले. मास्तरांच्या जेवणाच्या वेळी खिडकीत येणारं मांजर हल्ली एवढं का माजलंय, तेही त्यांच्या लक्षात आलं. बाईंना रडू आवरेना.

डोळे पुसून त्यांनी सदरे आणि कात्री मास्तरांच्या मांडीवर आणून ठेवली.

"उसवा सगळं."

मास्तरांनी कात्री बाजूला सारली.

"तू परत पडली असतीस," ते म्हणाले. "आणि लेकीने मला नेलं असतं."

"मग मी बादल्या कशासाठी उचलते?"



दुपारी बाई ताट घेऊन समोर ठाण मांडून बसल्या. मास्तरांनी आधी नुसतीच मान हलवली. मग एक घास घेतला, मग दुसरा, आणि मग मान खाली घालून ते भुकेल्या माणसासारखे जेवत राहिले. बाईंनी न विचारताच आणखी वाढलं. ताट स्वच्छ झाल्यावर त्यांना पलंगावर न्यायला बाई वाकल्या, तेव्हा दोघांनीही श्वास रोखून धरला.