करडईतली गेटरं

हिमालयात बर्फ तुडवायला जायचं अमरेशने ठरवलं होतं, आणि औशात बर्फ मिळतो तो फक्त रसवंतीवर. मग घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधायची ही नवी जाड गेटरं तपासायची कुठं? कापड फाटतं का, एवढं तरी कळावं म्हणून तो भल्या पहाटे घरच्या काढणीला आलेल्या काटेरी करडईत शिरला. पार पलीकडच्या बांधापर्यंत जाऊन आला. गेटरांवर साधा ओरखडा नव्हता.

"पास झाली," तो आईला, दानम्माला म्हणाला.

दानम्मा पायांना गोणपाट गुंडाळून करडई कापत होती. "दवानं काटा मऊ पडतंय," मान वर न करता ती म्हणाली. "म्हणून तर आम्ही पहाटे येतो. ऊन तापल्यावर जाऊन ये."

अमरेशला इरेला पेटायला एवढं पुरलं. भर दुपारी, जेव्हा त्या रानात कुत्रंसुद्धा शिरत नाही, तेव्हा तो शिरला आणि निम्म्यातून मागं फिरला. मांड्यांची चाळण झाली होती. गुडघ्याखाली मात्र एकही काटा लागला नव्हता.

दानम्माने त्याला बाभळीखाली बसवलं. त्याची गेटरं सोडली, पोटऱ्या निरखून पाहिल्या, मग आपल्या पायांचं गोणपाट काढून तिथं गेटरं बांधली आणि चार पावलं चालून पाहिली.

"अव्वा, मला परवा निघायचंय."

"मग हे ने की," गोणपाट त्याच्या पुढ्यात टाकत ती म्हणाली. "बर्फ मऊ असतंय म्हणतेत."